उशिरा येणाऱ्या झोपेवर उपचार: शरीराचे घड्याळ ओळखण्यापासून नोकरीच्या वेळेपर्यंत

रात्री अकरा वाजता दिवा मालवून अंथरुणाला पाठ टेकावी, पहाटे साडेतीन-चारपर्यंत डोळ्याला डोळा लागू नये आणि सकाळी सातच्या गजराला उठताना अंगात त्राण उरलेले नसावे, हा क्रम ज्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षे येतो त्यांच्यावर बहुधा दोन शिक्के बसतात. घरचे त्यांना आळशी म्हणतात आणि दवाखान्यात निद्रानाशाची गोळी लिहून मिळते. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात, आणि ते तपासण्याची एक सोपी खूण आहे. मोठ्या सुट्टीत, कोणी उठवणारे नसताना, हीच माणसे पहाटे चारला झोपून दुपारी बाराला उठतात आणि तेव्हा त्यांची झोप सलग, गाढ व पुरेशी होते. झोपेची वेळ तेवढी पुढे सरकलेली असते.

न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयातील एलियट वाइट्झमन, चार्ल्स झायस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या 450 रुग्णांपैकी 30 जणांना प्रत्यक्षात हा विकार असल्याचे त्यांनी नोंदवले होते. आज वैद्यकात त्याला ‘डिलेड स्लीप-वेक फेज डिसऑर्डर’ म्हणतात. पुढे मी ‘विलंबित झोप’ असा शब्द वापरला आहे. माणसाच्या जैविक घड्याळाचा एक फेरा सरासरी 24.2 तासांचा, म्हणजे दिवसाहून थोडा मोठा असतो आणि डोळ्यांवर पडणारा उजेड तो रोज दिवसाशी जुळवून घेतो. काहींचा फेरा याहून लांब असतो, तर काहींच्या घड्याळावर संध्याकाळच्या उजेडाचा परिणाम जास्त होतो. रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये ‘क्राय-1’ या जनुकातील एक बदल अशा कुटुंबांमध्ये दाखवून दिला. पौगंडावस्थेत तर जवळपास सर्वांचेच घड्याळ पुढे सरकते, आणि म्हणून हा विकार बहुधा त्याच वयात प्रथम लक्षात येतो.

या मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आधीच सांगतो. या विकारात कोणता उपचार घ्यावा याइतकेच तो केव्हा घ्यावा हे महत्त्वाचे असते, आणि ती वेळ भिंतीवरच्या घड्याळावरून ठरवता येत नाही, शरीराच्या घड्याळावरून ठरवावी लागते. चुकीच्या वेळी मिळालेला उजेड झोपेला आणखी पुढे ढकलतो. कष्ट घेऊनही अनेकांना गुण येत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

आधी नोंद, मग निदान

पहिले काम म्हणजे झोपेची डायरी. निदानासाठी त्रास किमान तीन महिने असावा लागतो आणि डायरी कमीत कमी 7 दिवसांची, शक्यतो 14 दिवसांची असावी लागते. तिच्यात कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही यायला हवेत. दोनशे पानी वहीचे एक पान पुरते. डावीकडे तारीख लिहावी आणि पुढे पाच रकाने आखावेत: अंथरुणावर पडण्याची वेळ, अंदाजे डोळा लागल्याची वेळ, अंतिम जाग आल्याची वेळ, जाग आपोआप आली की गजराने, आणि चहा-कॉफीचा शेवटचा कप किती वाजता घेतला. नोंद सकाळी उठल्यावर करावी. रात्री मिनिटे मोजत पडले तर झोप आणखी लांबते. सुट्टीचे पान भरताना मात्र प्रामाणिक राहावे आणि लाजेखातर दुपारचे साडेबारा खोडून साडेनऊ करू नयेत, कारण पुढचा सारा हिशोब त्याच आकड्यावर उभा राहणार आहे.

ही वही घेऊन झोपविकारांचा अनुभव असलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. काही ठिकाणी मनगटावर बांधायचे हालचाल नोंदवणारे यंत्र, म्हणजे अ‍ॅक्टिग्राफ, एक-दोन आठवड्यांसाठी देतात. रात्रभर तारा लावून केली जाणारी झोपेची महागडी चाचणी मात्र या निदानासाठी सहसा लागत नाही. मोठे घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा पायांची विचित्र हालचाल अशी लक्षणे असतील तरच तिची गरज पडते. नैराश्य, चिंता आणि एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा व अतिचंचलतेचा विकार) यांच्याबरोबर विलंबित झोप वारंवार आढळते, त्यामुळे त्यांचीही विचारपूस व्हायला हवी. आपण रात्री मोबाइल पाहतो म्हणून झोप येत नाही, की झोप येत नाही म्हणून मोबाइल पाहतो, हा प्रश्नही डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडावा. सलग दहा-बारा दिवस मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवूनही झोप पहाटेच येत असेल, तर दोष केवळ मोबाइलचा नाही हे घरच्यांनाही पटते.

उजेडाची वेळ शोधणे

शरीराचे तापमान चोवीस तासांतून एकदा नीचांकाला जाते आणि बहुतेक माणसांत ही वेळ आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन ते तीन तास आधी असते. या नीचांकाच्या आधीच्या तासांत डोळ्यांवर प्रखर उजेड पडला तर शरीराचे घड्याळ पुढे ढकलले जाते, म्हणजे दुसऱ्या रात्री झोप आणखी उशिरा येते. नीचांकानंतर पडला तर घड्याळ अलीकडे येते. आपल्याला हवा तो परिणाम दुसरा आहे.

आता पहाटे चारला झोपून दुपारी बाराला आपोआप जागी होणारी एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. तिचा नीचांक सकाळी नऊ ते दहाच्या आसपास येतो. तिला कोणीतरी सांगते की पहाटे उठून फिरायला जा, आठ दिवसांत सगळे जागेवर येईल. ती दोन तासांच्या झोपेवर सहाला उठते आणि सात ते साडेआठ मैदानावर उन्हात चालते. तिच्या शरीराच्या दृष्टीने ही मध्यरात्र आहे, आणि मध्यरात्रीच्या त्या उन्हाने तिचे घड्याळ मागे येण्याऐवजी पुढे सरकते. आठ दिवसांनी ती थकते, सल्ला सोडून देते आणि घरी ‘हिच्यात चिकाटीच नाही’ असे बोलले जाते. प्रत्यक्षात तिने चिकाटीने चुकीच्या वेळी उपचार घेतलेला असतो.

योग्य क्रम असा आहे. सुरुवातीचे तीन-चार दिवस आपोआप जाग येईल तेव्हा उठावे आणि उठल्या-उठल्या अर्धा ते एक तास उघड्यावर जावे: गच्ची, अंगण, गॅलरी, सोसायटीचे आवार, काहीही चालेल. सूर्याकडे थेट पाहायचे नाही. उजेडात असणे पुरे. चहा आणि वर्तमानपत्र बाहेरच घ्यावे. घरातील ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) पुढे क्वचित जातो, तर पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशीही उघड्यावर साधारणपणे काही हजार लक्स मिळतात, म्हणून खिडकीच्या काचेआड बसण्यापेक्षा बाहेर जाणे केव्हाही चांगले. त्यानंतर दर दोन दिवसांनी गजर अर्धा तास अलीकडे आणावा आणि उजेडही त्याबरोबर अलीकडे आणावा. दुपारी बारावरून सकाळी आठपर्यंत येण्यासाठी असे आठ टप्पे, म्हणजे दोन-तीन आठवडे लागतात. म्हणूनच हा उपचार परीक्षेच्या आधल्या आठवड्यात सुरू करू नये; उन्हाळ्याची सुट्टी, नवीन नोकरीवर रुजू होण्यापूर्वीची मोकळीक किंवा जोडून घेतलेली रजा त्यासाठी राखून ठेवावी.

कामामुळे त्या काळातही सकाळी लवकर बाहेर पडणे भाग असेल, तर नीचांकाची वेळ उलटेपर्यंत बस किंवा लोकलच्या प्रवासात गडद गॉगल लावावा आणि उजेडाचा मुख्य डोस नंतर, जेवणाच्या सुट्टीत बाहेर फिरून घ्यावा. अर्धवट झोपेवर दुचाकी किंवा गाडी मात्र चालवू नये. यात तडजोड नको.

पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणासाठी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे, त्यामुळे तेथील सूर्य घड्याळाच्या तुलनेत सरासरी 38 मिनिटे मागे चालतो. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. अशा दिवसांत सहाला उठण्याचे उद्दिष्ट ठेवणाऱ्याला उजेडच मिळत नाही. त्याने उद्दिष्ट साडेसातचे ठेवावे किंवा 10,000 लक्सची उपचारपेटी, म्हणजे प्रखर उजेड देणारी दिव्याची पेटी, वापरावी. अशा पेटीसमोर, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, साधारण 30 मिनिटे बसायचे असते. नेत्रपटलाचा आजार, तीव्र अर्धशिशी किंवा उजेडाने त्वचेवर परिणाम करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारावे, आणि द्विध्रुवीय (बायपोलर) मनोविकार असेल तर स्वतःहून हा उपचार मुळीच सुरू करू नये, कारण प्रखर उजेडाने उन्मादाचा झटका येऊ शकतो.

रात्रीची बाजू थोडक्यात सांगता येते. ठरवलेल्या झोपेच्या वेळेपूर्वीचे दोन-तीन तास घरातला उजेड मंद ठेवावा, छताचे पांढरे दिवे बंद करून खालच्या पातळीवरचा एखादा पिवळा दिवा लावावा, मोबाइल-संगणकाच्या पडद्यांची प्रखरता कमी करावी आणि दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. या उपायांनी मूळ विकार बरा होत नाही, पण सकाळच्या उजेडाने मिळवलेले रात्री गमावले जात नाही.

मेलाटोनिन: कमी मात्रा, योग्य वेळ

मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक आहे आणि ते शरीराला रात्र सुरू झाल्याचे कळवते. गोळीच्या रूपात ते झोपेच्या गोळीसारखे घेतले जाते, ही त्याच्या वापरातली मोठी गफलत आहे. घड्याळ अलीकडे आणण्यासाठी ते नेहमी झोप लागण्याच्या वेळेच्या कित्येक तास आधी घ्यावे लागते. पहाटे चारला झोपणाऱ्याने ते पावणेचारला घेऊन फारसा उपयोग नाही. सुरुवातीला रात्री दहा-अकराच्या सुमारास घ्यावे आणि झोप जसजशी अलीकडे येईल तसतशी गोळीची वेळही अलीकडे आणावी.

मात्रेबाबतही असेच आहे. औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन 3, 5 आणि 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज दिसतात, परंतु घड्याळ हलवण्यासाठी 0.5 मिलिग्रॅमसारखी अल्प मात्राही पुरू शकते. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, इच्छित झोपेच्या तासभर आधी 0.5 मिलिग्रॅम मेलाटोनिन आणि जोडीला ठरलेले वेळापत्रक पाळणाऱ्यांना, केवळ वेळापत्रक व औषध नसलेली दिखाऊ गोळी मिळालेल्यांपेक्षा सरासरी 34 मिनिटे लवकर झोप लागली. ही मदत खरी आहे, पण ती अर्ध्या तासाची आहे. चार तासांचा फरक एकट्या गोळीने भरून निघेल अशी आशा धरू नये. जास्त मात्रा सकाळपर्यंत रक्तात रेंगाळते आणि मरगळ आणते. गरोदरपणात, स्तनपान चालू असताना, अपस्मार असताना, किंवा रक्त पातळ करणारी औषधे, फ्लुवॉक्झामिन (नैराश्यावरचे एक औषध) व गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मेलाटोनिन घेऊ नये. मुलांना ते स्वतःच्या मनाने देऊ नये.

झोल्पिडेम किंवा क्लोनाझेपामसारख्या गोळ्या गुंगी आणतात, पण त्यांनी शरीराचे घड्याळ हलत नाही, आणि क्लोनाझेपामची तर सवय लागते. ज्यांना त्या आधीपासून चालू आहेत त्यांनी एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कराव्यात. दारू पिऊन झोपण्याचा मार्ग याहून घातक आहे.

1981 मध्येच सुचवली गेलेली आणखी एक पद्धत वाचनात येते: झोप रोज तीन-तीन तास पुढे ढकलत पूर्ण फेरा मारून हव्या त्या वेळेला आणणे. ऐकायला ती सोपी वाटते, पण तिच्यानंतर काहींचे घड्याळ कोठेच स्थिर न होता रोज पुढे सरकत राहिल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. ती घरी करून पाहू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

घर, शिक्षण आणि नोकरी

सर्व काही काटेकोर पाळूनही काहींचे घड्याळ एका मर्यादेपलीकडे अलीकडे येत नाही किंवा आलेले टिकत नाही. अशा माणसाने आयुष्यभर स्वतःशी झगडत पाच तासांच्या झोपेवर दिवस ढकलावेत, की दिवसाची मांडणीच बदलावी? मला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, आणि त्याला हार मानणे म्हणू नये. बाराला उठूनही आठ तास झोपलेला माणूस सहाला उठून तीन तास झोपलेल्यापेक्षा अधिक काम करतो आणि कमी चिडतो.

सुरुवात घरापासून करावी. आपल्या घरांची सकाळ गजबजलेली असते: दूधवाल्याची बेल, नळाला पाणी आल्यावर भरायची घाई, कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, आणि ‘अजून उठला नाही का’ हे पाहुण्यांसमोरचे वाक्य. झोपणाऱ्याच्या खोलीला जाड पडदे लावावेत, कानात घालायचे बोळे वापरावेत, शक्य असल्यास सकाळच्या वेळात बेलचा आवाज बंद करून दारावर ‘कृपया फोन करा’ अशी चिठ्ठी लावावी. बदल्यात घरातली रात्रीची कामे त्या व्यक्तीने अंगावर घ्यावीत: विरजण लावणे, डाळ-तांदूळ भिजत घालणे, ओटा आवरणे, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरून ठेवणे, आजारी माणसाचे रात्रीचे औषध देणे. कामांची अशी वाटणी बोलून, उघडपणे झाली की आळसाचा आरोप हळूहळू मागे पडतो. विलंबित झोप असलेल्या सुनेला ही मोकळीक मुलापेक्षा फार कमी घरांत मिळते; तिच्या नवऱ्याने डॉक्टरांच्या भेटीला सोबत जावे आणि विकाराचे निदान सासू-सासऱ्यांना स्वतः समजावून सांगावे, त्याचा भार तिच्यावर टाकू नये.

नोकरीत शक्य असेल तेथे वेळ निवडावी. पुण्यातील हिंजवडी-खराडी भागात ब्रिटनसाठी काम करणाऱ्या कार्यालयांत दुपारी दीडच्या सुमारास सुरू होऊन रात्री संपणारी पाळी असते आणि अनेकांना ती मानवते. अमेरिकेसाठीची रात्रपाळी मात्र विचारपूर्वक घ्यावी, कारण पहाटे परतताना उगवत्या सूर्याचा उजेड नको त्या वेळी डोळ्यांवर पडून घड्याळ आणखी पुढे जाऊ शकते. वरिष्ठांकडे विनंती करताना ‘मला सकाळी जमत नाही’ असे न सांगता नेमकी मागणी लिहावी: निदानाचे प्रमाणपत्र जोडून, अकरा ते आठ अशी वेळ मिळावी, सकाळच्या बैठका अकरानंतर ठेवाव्यात, आणि तीन महिन्यांनी कामाचा आढावा घ्यावा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत झोपेचे विकार नाहीत, त्यामुळे आज तरी ही सवलत बहुतांशी मालकाच्या समजुतीवर अवलंबून आहे, आणि ही परिस्थिती बदलायला हवी.

शाळांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. लहान मुलांसाठी तो चांगलाच आहे. पण घड्याळ सर्वाधिक पुढे सरकते ते आठवी ते बारावीच्या वयात, आणि सातची शाळा व सातचे कनिष्ठ महाविद्यालय त्यांच्याच माथी राहते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये या वयाच्या शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली आणि कॅलिफोर्नियात 2022 पासून माध्यमिक शाळांसाठी तसा कायदा लागू झाला. आपल्याकडे तोवर पालकांनी दुपारच्या सत्राचे महाविद्यालय निवडावे आणि सकाळी सहाच्या शिकवणीचा हट्ट सोडावा.

वर्षानुवर्षे झोप तुटत राहिली आणि त्यावर रोज बोलणी बसली की माणूस खचतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नको असे विचार येऊ लागले, तर झोपेचे वेळापत्रक बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्यावी; केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

घडी विस्कटल्यावर

एकदा जुळलेली वेळ आपोआप टिकत नाही. उठण्याची वेळ रविवारीही तासाभराहून अधिक पुढे जाऊ देऊ नये आणि उठल्यानंतरचा बाहेरचा अर्धा तास दात घासण्याइतका नित्याचा ठेवावा. तरीही विसर्जनाची रात्र, लग्नघर, ताप, रात्रीचा प्रवास यांपैकी काही ना काही येतेच, आणि दोन रात्रींत झोप पुन्हा पहाटेवर जाते. अशा वेळी दुसऱ्याच दिवशी जुन्या वेळेचा गजर लावून घड्याळाला एकदम खेचू नये. जाग आपोआप किती वाजता येते हे आधी दोन दिवस पाहावे, त्यावरून नीचांक नव्याने काढावा आणि तेथून अर्ध्या-अर्ध्या तासाने पुन्हा अलीकडे यावे. दोन-तीन तासांची घसरण असेल तर साधारण दहा ते चौदा दिवसांत घडी परत बसते.